आत्मारामकाकांची हातभर हवा

रत्नागिरीत ज्याला रेडिओ विकायचा असेल त्यानं आधी वहिवाटीच्या कायद्याचा अभ्यास करावा. विजेचा नंतर केला तरी चालतो. हे मला वेळेवर कोणी सांगितलं नाही. मुंबईच्या दुकानात मी सहा वर्षं घड्याळं आणि ग्रामोफोन विकले होते. तिथलं गिऱ्हाईक आत आलं की विचारायचं, "केवढ्याला?" आमच्याकडचं गिऱ्हाईक विचारतं, "तार कुणाच्या जागेतनं जाते?" या दोन प्रश्नांमध्ये जेवढं अंतर आहे तेवढं मुंबई-रत्नागिरीच्या बोटीच्या वाटेत नाही.

मुंबईतले आमचे मालक कापडियाशेठ यांनी विलायती रेडिओंची एजन्सी घेतली आणि त्यांना कोकणात माणूस हवा होता. मी हात वर केला. शेठ म्हणाले, "महिपत, नमुन्याची एक पेटी घेऊन जा. तुळशीच्या लगनापर्यंत तीन पेट्या खपव. खपल्या तर रत्नागिरीची एजन्सी तुझी. नाही खपल्या तर पेटी परत, आणि तू पण परत, आपल्या काउंटरवर."

मला परत जायचं नव्हतं. मुंबईत सात जणांच्या खोलीत मी एका वळकटीपुरता राहात होतो आणि दमयंतीला, म्हणजे माझ्या बायकोला, गणपतीत आणि शिमग्यात भेटत होतो. लग्नाला पाच वर्षं झाली होती, तरी आमटीत गूळ घालू की नको हे तिला दर गणपतीत नव्यानं विचारावं लागे. आपली बायको आपल्याला पाहुण्यासारखं ताट वाढते, पाट मांडते, आणखी हवं का विचारते, याचं पहिल्या वर्षी बरं वाटतं. पाचव्या वर्षी रडू येतं. तेव्हा माझ्या दृष्टीनं प्रश्न रेडिओचा नव्हताच. तीन पेट्या खपल्या तर मी माझ्या घरात राहाणार होतो, नाहीतर वळकटी तयार होती.

पेटी बोटीनं आली, बोटीतून पडावात उतरली आणि पडावातून खलाशाच्या डोक्यावर बसून झाडगावात आमच्या घरी आली. मागे निम्मं बंदर होतं. घराची पुढची पडवी हेच दुकान. पाटी मी मुंबईहूनच रंगवून आणली होती, तिच्यावर माझं नाव पेटीपेक्षा मोठं होतं.

आता आमच्या घराची जागा सांगायला हवी, कारण सगळं रामायण त्या जागेवर उभं आहे. उजवीकडे आत्माराम शिवलकर, डावीकडे हरिश्चंद्र शिवलकर. दोघे सख्खे चुलत भाऊ, आणि मधे आम्ही. त्यांच्या आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा मधल्या पट्ट्यावर कुणाचं एकमत होईना, म्हणून तो माझ्या आजोबांना स्वस्तात विकला. दोघे भाऊ एकमेकांशी कोर्टाखेरीज बोलत नसत. घरगुती निरोप असला तर आमच्या अंगणातून जाई. "महिपत, त्याला सांग त्याची कोंबडी माज्या परसात इलीय," असं आत्मारामकाका डावीकडे ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगत, आणि हरिश्चंद्रकाका "महिपत, त्याला सांग ती कोंबडी माजी नाय," असं उजवीकडे ऐकू जाईल असं मला सांगत. मी काही न बोलता दोघांचे निरोप पोचते व्हायचे.

पेटी आली त्या दिवशी पहिला सल्ला हरिश्चंद्रकाकांनी दिला. "खाऱ्या वाऱ्यानं लाकूड फुगतंय रे. उंडीचं तेल चोळ. माजा मचवा बग, बापाच्या वेळचा हाय." माणूस अनुभवी, तेल त्यांनी स्वतःच आपल्या मासळीच्या मचव्यातून आणून दिलं. मी फडक्यानं चांगलं चोळलं. त्यानंतर महिनाभर कोणीही दुकानात आलं की आधी हुंगायचं आणि विचारायचं, "बांगडे पण ठेवतंस काय?" सागवानी पॉलिशची, आतून रेशमी कापड लावलेली ती विलायती पेटी दिसायला दिवाणखान्यातली आणि वासाला मिरकरवाड्यातली झाली.

रेडिओला आकाशाची एक तार लागते. माझे दोन माड, एक पुढे आणि एक मागे. भागोजी पाडेल्याला बोलावलं. तो नारळ पाडण्याचा कोयता कमरेला लावून सरसर चढला आणि पुढच्या माडावरून मागच्या माडावर त्यानं तांब्याची तार ताणून दिली. शेंड्याला उंचीसाठी एक बांबूही बांधला. मी खालून "थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे" असं सांगत होतो. भागोजी माझं काही ऐकत नव्हता, पण सांगणं माझं काम होतं. एवढ्यात गडग्यापलीकडून आत्मारामकाकांचं डोकं वर आलं.

"महिपत, ही तार कुटं चाललीय?"

"पुढच्या माडावरून मागच्या माडावर, काका. दोन्ही माड माझेच."

"माड तुजे. मदली हवा कुणाची?"

मी वर पाहिलं. मला तरी ती हवा सार्वजनिक वाटली.

"वर काय बगतंस? खाली बग. गडगा." काकांनी बोट दाखवलं. आमच्या दोघांमधला तो जांभ्याचा गडगा मधोमध आमच्या बाजूला पोट काढून आला आहे. ते पोट कुठल्या पावसात सुटलं यावर जुना एक दावा झालेला आहे. "हितं हातभर तार माज्या हद्दीवरनं जाते. आज तार गेली. उद्या तुजी बायको तिच्यावर लुगडी वाळत घालील. वीस वर्सांनी तुजा पोरगा कोर्टात उभा ऱ्हाऊन सांगेल, आमची वहिवाट हाय."

"काका, मला पोरगा नाही."

"व्हईल की! आता मुंबैला जात नायस ना तू?"

भागोजी माडावर हसला. दमयंती पडवीतून आत गेली.

लोक म्हशी पाळतात तसे आत्मारामकाका दावे पाळत. काही दुभते होते, काही भाकड, पण एकही त्यांनी विकला नव्हता. अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात ढकलणं. मी तार आखूड करून पाहिली, पेटी नुसती खरखरली. तिरकी करून पाहिली, ती हरिश्चंद्रकाकांच्या फणसात अडकली आणि त्यांनी लगेच तिथं मोठ्या मायेनं परवानगी दिली. पण ती परवानगी आत्मारामकाकांना ऐकवण्यासाठी होती. दुसऱ्याच दिवशी, "पण फणस काडायच्या वेळेस तार काडायची हां," असं निघालं. आणि त्या झाडाला फणस बारा महिने असल्यासारखेच होते.

शेवटी झाडगावचेच वकीलसाहेब मधे पडले आणि करार झाला. हातभर हवेतून जाणारी तार ही हक्कानं नसून आत्माराम शिवलकर यांच्या मेहरबानीनं आहे. आणि वहिवाट मोडावी म्हणून वर्षातून एक दिवस, आत्माराम सांगतील त्या दिवशी, सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत तार उतरवून ठेवायची. आमच्याकडे वाटेच्या बाबतीत ही रीत जुनीच आहे. लोक वर्षातून एकदा आपल्या जागेतल्या पायवाटेवर काटी टाकून दिवसभर खुर्ची घेऊन बसतात. हवेवर काटी टाकायची वेळ मात्र पहिलीच. मी म्हटलं, वर्षाचा एक दिवस, त्यात काय जातं? आणि सही केली. सह्या करताना माणसानं जेवढा विचार करायला हवा तेवढा तो चहात साखर किती हे सांगताना करतो.

पुढचा आठवडा सरकारी गेला. आधी हवालदार आला. माडाच्या शेंड्याला बांबू दिसतो म्हणजे त्याला तिरंगी झेंडा असणार, या हिशेबानं तो निघाला होता. झेंडा नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं. "मग लावणार कंदी?" त्यानं विचारलं. लावणार नाही, असं त्याला तीनदा सांगावं लागलं. मग परवाना. तो ज्या कचेरीत काढला तिचं नाव घेत नाही, तिथं अजून माझं काम पडतं. तिथल्या बाबूंना 'बिनतारी' हा शब्द ठाऊक होता आणि त्यांच्या मते बिनतारी यंत्राला जहाज लागतं. "जहाज कोणतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जहाज नाही, पडवी आहे. "मग पडवीला बिनतारी कशाला?" गाणी ऐकायला, मी म्हणालो. बाबूंनी टाक खाली ठेवला. "आणि बिनतारी म्हणता, मग तुमच्या माडावर तार कसली हो?" परवाना मिळाला, पण त्या खोलीतून मी खोटं बोलणारा माणूस म्हणून बाहेर पडलो.

आता दुसरी तार. ती जमिनीत पुरायची आणि तिथं सदैव ओल हवी. आमचं परसू म्हणजे कातळ. उन्हाळ्यात तिथं थुंकी टिकत नाही. ओल म्हणावी अशी एकच जागा, तुळशीवृंदावन. मी कुदळ घेऊन तिकडे वळतो तोच दमयंतीनं कुदळीचा दांडा धरला. "तुमच्या पेटीचं खरकटं पाणी तुळशीत नको." पेटीला खरकटं नसतं हे मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण दांडा सोडला नाही. मग तिनंच न्हाणीमागची अळवाची जागा दाखवली. तिथं भांड्यांचं, आंघोळीचं सगळं पाणी जातं. तार अळवात पुरली आणि पेटी खडखडीत बोलू लागली! पण दुपारच्या उन्हानं माती वाळली की आवाज बसे. तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळची भांडी बातम्यांच्या वेळेला घासायची ठरली. दमयंती तिकडे पातेल्यात पाणी ओतायची की इकडे जिनिव्हाची परिषद एकदम स्पष्ट व्हायची.

राहिली बॅटरी. तिचा जीव आठवड्यात संपे आणि ती भरायचं यंत्र जवळपास नव्हतं. युसुफभाई कोल्हापूरची मोटार चालवत. ते म्हणाले, "आणा हिकडं. कोल्हापुरात माज्या वळखीचा कारखाना हाय, भरून आणतो." अशी आमची बॅटरी दर आठवड्याला घाटावर हवापालटाला जाऊ लागली. कधी ताजी होऊन येई, कधी नाही. एकदा युसुफभाई तिला दोन्ही हातांत धरून आले आणि हळूच पडवीत ठेवून म्हणाले, "महिपतशेठ, घाट लागला तिला. आंब्याच्या वळणावर उलटी केलीन." पुढच्या बाकावरच्या एका मामलेदाराच्या धोतराला त्या उलटीनं भोकं पडली होती. ते धोतर मी भरून दिलं. मामलेदारांचा रेडिओ घ्यायचा विचार होता, तो त्यांनी सोडला.

पण पहिल्यांदा मुंबई लागली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर, आणि मग एकदम एका बाईचा आवाज, पुरिया. मी मुंबईत सहा वर्षं राहिलो, पण मुंबई माझ्याशी इतक्या गोड आवाजात कधी बोलली नव्हती. दमयंती भांडी तशीच टाकून दारात येऊन उभी राहिली. तिचे हात राखेनं भरलेले होते आणि डोळे पाण्यानं. मला वाटलं, आता काय, तीन काय तीस खपतील.

एकही खपला नाही.

त्याचं कारण सांगायला लाज वाटते. सगळं झाडगाव रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसे. ऐके, मान डोलावे, दमयंतीच्या हातचा चहा पिई, आणि जाताना म्हणे, "झ्याक हाय." मी म्हणायचो, "मग एक घेऊन टाका ना." त्यावर उत्तर ठरलेलं. "कशाला? तुज्याकडं ऐकू येतंय की!" मी जितका चांगला वाजवावा तितकी विक्री मागे जात होती. एकदा मी मुद्दाम दोन दिवस बंद ठेवला. तर लोक समाचाराला आले.

आत्मारामकाका मात्र आमच्या पडवीत कधी आले नाहीत. येणं म्हणजे उपकार घेणं. ते आणि त्यांच्या पत्नी सोनूबाई आपल्याच पडवीत बसत, आमच्याकडे पाठ करून. गाणं सुरू झालं की काका सुपारी कातरायचे थांबत, संपलं की पुन्हा कातरू लागत. पुढे पाऊस सरला आणि एके दिवशी त्यांनी आपलं बाकडं सरळ फिरवून आमच्याकडे तोंड करून ठेवलं. रोज बसताना मोठ्यानं खोकत. मधेच "वा!" म्हणत, तेही असं, की तिठ्यापर्यंत ऐकू जावं. मला फार बरं वाटलं. मी दमयंतीला म्हटलं, "बघ, संगीतानं माणूस मऊ होतो." दमयंती म्हणाली, "काका कोर्टातून आल्यापासून मऊ झालेत." या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

दिवाळी झाली. कापडियाशेठांचं पत्र आलं, की मी येतो, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. मी ठरवलं, की शेठांच्या समोरच एक मोठा जलसा करायचा आणि ज्यांच्या घरी रेडिओ शोभेल अशा माणसांना बोलवायचं. वकीलसाहेब, डॉक्टर, शाळेचे हेडमास्तर. खुर्च्या मागून आणल्या. दमयंतीनं पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं. युसुफभाईंनी बॅटरी मांडीवर घेऊन आणली, स्वतः मोटार चालवत असताना मांडीवर कशी घेतली हे मी विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. बाहेर कोयत्याचा आवाज झाला. पाहातो तर भागोजी माडावर आणि तार खाली.

"भागोजी! हे काय?"

"आत्मारामकाकांनी सांगितलान. करारातला दिवस आज हाय म्हनं." त्यानं तारेचं वेटोळं माझ्या हातात दिलं. "मी चाललो भाट्याला, नारळ पाडायला. उद्या येतंय."

मी अर्ध्या दाढीनं गडग्याशी गेलो. "काका, वर्षाचे सगळे दिवस सोडून आजच?"

"मग कंदी?" काका शांतपणे म्हणाले. "वहिवाट मोडायची तर चार मातब्बर साक्षीदार नकोत? वकील, डाक्टर, हेडमास्तर, मुंबैचे शेठ. येवडे लोक मी पैसे देऊन गोळा केले असते काय? तू आयते बोलावलंस. देव तुजं भलं करो."

मी हात जोडले. खरंच जोडले. सांगितलं, की काका, माझं सगळं यावर आहे. त्यांना वाईट वाटलं, तोंडावर दिसलं. पण म्हणाले, "मागल्या म्हैन्यात गोठ्याच्या वाटेचा दावा मी हरलो. कशापायी? एक दिवस वाट अडवायची ऱ्हायली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्सी पुन्ना तीच चूक करू?"

संध्याकाळी पाहुणे आले. शेठ आले, पांढरा डगला आणि काळी टोपी. मी आणि युसुफभाईंनी आंबे उतरवायच्या जाळीच्या लांब काठ्या घेतल्या आणि त्यांच्या टोकांना तार अडकवून अंगणात उभे राहिलो. मी समोर, युसुफभाई मागे. पेटी आत खरखरत होती. "महिपत, जरा वर!" आतून शेठ ओरडले. मी चौथऱ्यावर चढलो. एक क्षण सनईसारखं काही आलं. डॉक्टर म्हणाले, "आलं!" त्याच क्षणी माझी काठी हरिश्चंद्रकाकांच्या फणसाला लागली आणि तार शेठांच्या टोपीसकट खाली आली, कारण ते बघायला दारात आले होते. त्यानंतर पेटी बोलली नाही. पाहुण्यांनी पोहे खाल्ले. हेडमास्तर म्हणाले, "पेटीचं लाकूड फार छान आहे." रेडिओबद्दल कोणी याहून वाईट बोलू शकेल असं मला वाटत नाही.

शेठांनी टोपी झटकली. "महिपत, तू चांगला माणूस आहेस. पण खपला किती? एक पण नाही. उद्या बोटीनं पेटी येईल माझ्याबरोबर. तू पण तयारी कर." ते रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. मी आत पाहिलं. दमयंती चुलीपुढे पाठमोरी बसली होती आणि काही करत नव्हती.

मी पेटीचं झाकण लावत होतो तोच बाहेरून खाकरण्याचा आवाज आला. गडगा ओलांडून, म्हणजे गडग्याच्या पोटावरून चढून, आत्मारामकाका आमच्या अंगणात उभे होते. मागे पलीकडे सोनूबाई.

"महिपत, दिवे लागले. गाणं का नाय?"

"तार तुम्हीच उतरवलीत ना, काका!"

"तार माज्या हवेतली उतरव बोल्लो. गाणं बंद कर असं कोण बोल्लं?"

शेठांनी विचारलं, हे गृहस्थ कोण? मी सांगितलं, शेजारी, आणि पेटी उद्या जाते आहे हेही सांगून टाकलं. आत्मारामकाका ताठ झाले.

"जाते म्हंजे? ती पेटी हलवता येणार नाय. मी दसऱ्यापास्नं रोज, उजळ माथ्यानं, सगळ्यांच्या देखत, कुणाची परवानगी न घेता माज्या पडवीत बसून गाणं ऐकतोय. बाकडं फिरवून ऐकतोय. मोट्यानं खोकून ऐकतोय. माजी ऐकायची वहिवाट हाय."

खोकण्याचा अर्थ मला तेव्हा लागला. वकीलसाहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "आत्माराम, वहिवाटीला वीस वर्षं लागतात."

"तेच सांगतोय! अजून एकोणीस वर्सं, अकरा म्हैने बाकी हायत. हे आज पेटी घेऊन गेले तर माजी वीस पुरी व्हायची कशी?"

शेठांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. अशा वेळी आपण एजंट आहोत की गावकरी हे माणसाला ठरवता येत नाही.

आणि मग डाव्या गडग्यावर हरिश्चंद्रकाका उगवले. इतकी वर्षं ज्या भावाशी ते थेट एक शब्द बोलले नव्हते, त्याच्याशी ते थेट बोलले, इतका आनंद त्यांना झाला होता.

"वहिवाट अखंड लागते, आत्माराम! आज मोडली. कुणी मोडली? तूच. तार कुणी काडवलीन? तूच. चार साक्षीदार कुणाचे? तुजेच!"

आत्मारामकाकांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी मान हलवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटेवर काटी टाकणारा माणूस आज स्वतःच्याच वाटेवर काटी टाकून उभा होता, आणि त्याला ते कळलं होतं. मला इतक्या तासांत पहिल्यांदा त्यांची कीव आली.

तेवढ्यात पलीकडून सोनूबाई बोलल्या. या बाईंचा आवाज मी शेजारी राहून फारसा ऐकला नव्हता. "जलमभर दावे लावलेत, मी काय म्हटलं नाय. पण सांजचं गाणं माजं व्हतं. ते तुमी घालवलंत. आता इकत आणा, नायतर उद्यापास्नं जेवण तुमचं तुमी करा."

काकांनी मुंडाशाचं टोक दोनदा खांद्यावर टाकलं. "महिपत, लिव माजं नाव. माजी तार माज्या माडावर. कुणाची मेहरबानी नको."

"नि त्याचा आवाज माज्या पडवीत येणार!" हरिश्चंद्रकाका गडग्यावरच किंचाळले. "त्याच्या उपकारावर मी भजनं ऐकू? माजं पण लिव. त्याच्यापेक्षा मोट्यानं बोलणारी दे!"

जे काम माझ्या सहा महिन्यांच्या चहानं झालं नाही, ते भाऊबंदकीनं चुटकीसरशी केलं. शेठ टोपी हातात घेऊन बघत राहिले. मला वाटलं, आता ते मला मिठी मारतील. ते म्हणाले, "दोन. फार चांगलं झालं. पण तीन बोललो होतो, महिपत. बोललो ते बोललो. तिसरा कोण?"

मी पाहुण्यांकडे पाहिलं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. हेडमास्तरांनी आपल्या वहाणा पाहिल्या. वकीलसाहेब म्हणाले, "झाडगावात आता दोन-दोन पेट्या वाजतीलच..." आणि थांबले. एवढ्या जवळ येऊन वळकटी बांधायची, हे मला सोसवेना. मी उगीच तारेचं वेटोळं सोडवू लागलो.

"तिसरा मला द्या."

दमयंती दारात उभी होती. पदराला हात पुसत होती.

शेठ हसले. "बेन, एजंटनं आपलाच माल घेतला तर तो खप नाही धरत."

"एजंट हे आहेत," ती म्हणाली. "पाटीवर नाव यांचं. माझं कुठं आहे? पैसे माझ्या आमसुलांचे. पाच वर्षं युसुफभाईंच्या मोटारीतून मी आमसुलं, फणसपोळ्या कोल्हापुराला धाडते. मी गिऱ्हाईक आहे."

मला हे काहीच माहीत नव्हतं. युसुफभाई छपराकडे बघत होते.

"स्त्रीधन," वकीलसाहेब म्हणाले. "कायद्यानं तिचं स्वतंत्र. खप धरावा लागेल, शेठ." त्या दिवशी त्यांनी खाल्लेले सगळे पोहे वसूल झाले.

शेठांनी टोपी डोक्यावर घातली, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "मग एजंटसाहेब, बघता काय? गिऱ्हाईक उभं आहे."

मी चांगली खुर्ची पुढे ओढली. "या, बसा," मी म्हटलं. दमयंती बसली. आमच्या दुकानात ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होती. तिनं पेटीच्या लाकडावरून हात फिरवला, हाताचा वास घेतला, आणि विचारलं, "भाव काय?"

मी सांगितला.

"फार सांगता," ती म्हणाली आणि उठली. "चार दुकानं बघून येते."

रत्नागिरीत दुसरं दुकान नव्हतं. तरी मी धावत जाऊन दार अडवलं आणि भाव कमी केला.